गाय काढला

"विहिरीतून काय काढलं?" मुळ्ये साहेबांनी विचारलं.

"गाय काढला," साक्षीदार म्हणाली. "चार मानसं लागले. लय वास सुटला होता. मंग दुसऱ्या दिशी आमी पानी भरलं."

मी ते लिहून घेतलं. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं, तेही लिहून घेतलं. अकराला सुरू झालेली साक्ष साडेअकराला संपली. मग ती बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली आणि मी टाइपरायटरवरचं कापड काढलं.

साक्षीदार क्रमांक तीन, देवकाबाई तायडे, वय अंदाजे साठ, राहणार उंबरपाळा. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, महिना जानेवारी. जागा म्हणजे वऱ्हाडातल्या एका जिल्हा परिषदेच्या मागच्या बाजूची खोली. तिथं आधी बियाण्यांची पोती ठेवत, त्यामुळे कागदांनाही भुईमुगाचा वास यायचा. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. निम्नश्रेणी लघुलेखिका म्हणून नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. माझं गाव फलटण. नेमणूक इतक्या लांब मिळाली तेव्हा आई रडली. वडील म्हणाले, तिथंही मराठीच बोलतात ना, मग झालं.

प्रकरण असं होतं. आदल्या जूनमध्ये उंबरपाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. चाळीसेक माणसं आजारी पडली, दोघं गेली. गावाचे ग्रामसेवक मनोहर गावंडे यांना निलंबित करून त्यांची खातेनिहाय चौकशी लावण्यात आली. त्यांच्यावर आरोप दोन होते. पहिला, विहिरीत जंतुनाशक पावडर वेळेवर टाकली नाही. दुसरा आरोप एका निनावी अर्जातून आला होता. विहिरीत जनावर पडून कुजलं होतं, गावंडेंनी ते गुपचूप बाहेर काढलं आणि लोकांना दुसऱ्याच दिवशी तेच पाणी भरू दिलं, असं त्यात लिहिलं होतं. पहिला आरोप शाबित झाला तर गावंडेंच्या वेतनवाढी थांबल्या असत्या. दुसरा शाबित झाला तर नोकरी गेली असती. निनावी अर्ज हा पुरावा होत नाही, त्यामुळे तीच गोष्ट कुणीतरी समोर बसून सांगायला हवी होती. देवकाबाईनं ती सांगितली.

चौकशी अधिकारी मुळ्ये साहेब हे निवृत्त उपजिल्हाधिकारी, मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या आडनावातला ळ आमच्या कार्यालयात फारसा कुणाला जमत नसे. शिपाई किसन त्यांना मुय्ये साहेब म्हणे. साहेब दर वेळी थांबून "मुळ्ये" असं सांगत. किसन मान हलवून "हो, मुय्ये साहेब" म्हणे आणि चहा ठेवून जाई. हे मी आठ महिने ऐकत होते. तिथं काळ्याला काया म्हणतात आणि शाळेला शाया, हे मला चांगलं माहीत होतं. सुट्टीत घरी गेले की मी ते करून दाखवायची आणि भावंडं हसायची.

साहेब साक्षी ऐकत नसत, वाचत. साक्षीदार बोलत असताना ते पुढच्या प्रश्नाचा कागद पाहत असत. ऐकलेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, असं ते म्हणत. म्हणूनच त्यांना साक्षीचा गोषवारा चालत नसे. शब्दन् शब्द लघुलिपीत घ्यायचा, त्याच दिवशी टाइप करायचा, साक्षीदाराला वाचून दाखवायचा आणि सही किंवा अंगठा घ्यायचा, अशी त्यांची पद्धत होती.

लघुलिपी मी साताऱ्याच्या एका वर्गात शिकले होते. तिच्यात अक्षरं नसतात, आवाजांच्या खुणा असतात. जाड रेघ, बारीक रेघ, स्वरांसाठी ठिपके. शब्द लिहायचा कसा हा प्रश्नच तिथं येत नाही, तो ऐकू आला कसा एवढंच असतं. आमचे इनामदार सर म्हणायचे, "कान आणि हात यांच्या मध्ये डोकं आणू नका." डोकं नंतर, टाइप करताना वापरायचं. मी वर्गात पहिली आले होते.

तर मी देवकाबाईची साक्ष टाइप केली. 'मानसं लागले'चं 'माणसं लागली' केलं, 'पानी'चं 'पाणी', 'मंग'चं 'मग'. कागद स्वच्छ निघाला. खाडाखोड एकही नव्हती. तिला आत बोलावून मी साक्ष भराभर वाचून दाखवली. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. बरोबर आहे का, असं विचारल्यावर हो म्हणाली आणि तिनं अंगठा दिला. खात्याची बाजू मांडणारे अधिकारी त्या दिवशी रजेवर होते. गावंडे हजर होते, पण त्यांनी उलटतपासणी घेतली नाही. दुसऱ्या आरोपापुरती ती साक्ष त्यांना आपल्या बाजूची वाटली होती, हे मला पुढे कळलं.

दोन दिवसांनी ते साक्षीची प्रत न्यायला आले. चाळिशीचा बारीक माणूस, निलंबनातही रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा. त्यांनी माझ्या टेबलाशी उभं राहूनच प्रत वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथं गाळ पाहिजे."

मी म्हटलं की साक्षीदार गाय म्हणाली आहे, माझ्याकडे तसं लिहिलेलं आहे.

"त्या गाळालाच गाय म्हणतात. आम्ही मे महिन्यात विहिरीतला गाळ उपसला होता, मी स्वतः खाली उतरलो होतो."

ते ळ फार जपून उच्चारत होते. ग्रामसेवकाला रोज साहेबांशी बोलावं लागतं, तेव्हा त्यांनी ती सवय करून घेतली असावी. त्यांच्या तोंडून गाळ इतका ठसठशीत आला की त्याचा आणि गाईचा काही संबंध असेल असं मला वाटेना. गडी अडकला आहे आणि आता शब्द फिरवू पाहतोय, असंच वाटलं. मी त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितलं.

अर्ज दुसऱ्या दिवशी आला. या भागात ळचा उच्चार य असा होतो, सबब गाय या शब्दाचा अर्थ गाळ असा घ्यावा, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी तो वाचला, "सोयीचं भाषाशास्त्र," असं म्हणाले आणि फाइलला लावायला दिला.

फेब्रुवारीत साहेबांनी अहवाल सांगायला घेतला. ते डोळे मिटून सांगत आणि मध्ये थांबत नसत. पहिले आठ परिच्छेद दुपारच्या आत झाले. मग नववा आला. तो मला अजून पाठ आहे.

"अपचारी कर्मचारी श्री. गावंडे यांनी असा बचाव घेतला आहे," साहेब सांगू लागले, "की साक्षीदार क्रमांक तीन यांनी गाय हा शब्द गाळ या अर्थाने उच्चारला. स्थानिक बोलीत असा उच्चार होतो हे वादाकरिता मान्य केले, तरी गाळ हा शब्द पुल्लिंगी आहे. साक्षीदारास गाळ अभिप्रेत असता तर तिने काढला असे म्हटले असते. तिने काढली असे स्पष्ट स्त्रीलिंगी क्रियापद वापरले आहे. सबब..."

माझी पेन्सिल थांबली.

"झालं का?" साहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी सबबच्या पुढचं सांगितलं. दुसरा आरोप शाबित होतो आणि अपचारी यांना सेवेतून बडतर्फ करण्याची शिफारस करण्यात येते. मी ते सगळं घेतलं. त्या पानावर माझ्या रेघा नेहमीसारख्याच सरळ आहेत.

साहेब जेवायला गेल्यावर मी कपाटातून जानेवारीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. विहिरीतून काय काढलं, या प्रश्नाखाली उत्तर होतं. गाय, आणि त्यापुढे काढल. शेवटच्या रेघेला एक ठिपका होता. घाईत आम्ही शेवटचे स्वर बहुतेक सोडूनच देतो, मागचापुढचा शब्द पाहून ते लक्षात येतात. पण एखादा शब्द कानाला अनपेक्षित लागला की हात आपोआप ठिपका देऊन जातो. ठिपका रेघेच्या सुरुवातीला असेल तर आकार, शेवटी असेल तर ईकार. हा सुरुवातीला होता.

गाय काढला.

मग मला सगळं आठवलं. टाइप करताना मी त्या शब्दापाशी थांबले होते. गाय स्त्रीलिंगी आहे हे शाळेतल्या पोरालाही कळतं. खेडवळ बाई, बोलण्याच्या भरात चुकली असेल, असं म्हणून मी 'काढली' केलं आणि पुढे गेले. 'मानसं'चं 'माणसं' केलं त्यात आणि यात मला काही फरक वाटला नव्हता. मी चुकीचं ऐकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी बरोबर ऐकलं होतं, बरोबर लिहून घेतलं होतं, आणि नंतर ते शुद्ध केलं होतं.

वही माझ्यासमोर उघडी होती. त्या इमारतीत ती वाचू शकणारं दुसरं कुणीही नव्हतं. कुणी मागितली असती तरी मी त्यात काहीही लिहिलं आहे असं सांगू शकले असते. मी ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि अहवाल टाइप करायला बसले. आठ परिच्छेद झाले. नववाही झाला. 'बडतर्फ' या शब्दाला चूक झाली, म्हणून ते पान पुन्हा केलं. पाच वाजता साहेब म्हणाले की आता सकाळी सही करू.

सकाळी मी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. ते शेवटच्या पानापर्यंत आले.

"साहेब, देवकाबाई काढला म्हणाली होती," मी म्हटलं.

"साक्षीत काढली आहे."

"ते मी केलं."

"म्हणजे?"

"गाय काढला हे मला चुकलेलं वाटलं, म्हणून बदललं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वही मागितली. मी पान उघडून दाखवलं. कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं आणि ठिपका सुरुवातीला असला की ला, शेवटी असला की ली, हे सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला आणि बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं.

"एका ठिपक्यावर?"

"हो साहेब."

"हा ठिपका तुम्ही काल संध्याकाळी दिला नाहीत कशावरून?"

ठिपक्यावर तारीख नसते.

मग त्यांनी मला बसायला सांगितलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. ते रागावले नाहीत. ते म्हणाले की मी अजून परिविक्षाधीन आहे, साक्षीत बदल करणं हे गैरवर्तन आहे, आणि परिविक्षाधीन माणसाला काढायला चौकशीही लागत नाही. शिवाय, एकटी राहणारी तरुण मुलगी एका निलंबित ग्रामसेवकाला वाचवायला अचानक का धावली, असं लोक विचारतील. ते स्वतः विचारणार नाहीत, पण लोक विचारतील. हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते.

"भोईटे बाई, तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही असं धरू शकतो."

"साहेब, तुम्ही ऐकलेलं धरत नाही," मी म्हटलं. "म्हणून लिहून आणलंय."

आणि मी टिपणी पुढे केली. हातानं लिहिलेली, सहा ओळींची. साक्षीदार क्रमांक तीन हिने उच्चारलेला 'काढला' हा शब्द टंकलेखन करताना मी माझ्या मर्जीने 'काढली' असा केला, या दुरूस्तीस मी जबाबदार आहे, मूळ लघुलिपी सोबत जोडली आहे. खाली सही, वा. ज. भोईटे.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली.

"दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो," ते म्हणाले आणि त्यांनी ती फाइलला लावली. सही न करता अहवाल माझ्याकडे परत दिला आणि देवकाबाईला पुन्हा बोलावण्याचं पत्र काढायला सांगितलं.

ती नऊ मार्चला आली. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून, मध्ये एकदा गाडी बदलून. गावंडे त्यांच्या जागेवर बसले होते. खात्याचे अधिकारीही या वेळी हजर होते. ते तिथलेच, अमरावतीचे. प्रकरण कशावर अडलं आहे हे साहेबांनी सांगितल्यावर ते टेबलाकडे पाहत राहिले. साहेबांनी त्या दिवशी प्रश्नांचा कागद समोर ठेवला नव्हता. ते खुर्ची पुढे ओढून देवकाबाईसमोर बसले.

"बाई, विहिरीतून काय काढलं होतं?"

"गाय."

"गाय म्हणजे दूध देते ती?"

देवकाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा साहेबांकडे. साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं तिला वाटलं असावं.

"थे विहिरीत काहून जाईन?" ती म्हणाली. "गाय म्हंजे बुडाचा चिखल. थो गाय."

"आणि दूध देते ती?"

"थे गाय."

"दोन्हीला एकच शब्द?"

"एक कसा असंल, साहेब? एक चिखल हाय, एक जनावर हाय."

"पण ऐकणाऱ्याला कळायचं कसं?"

"गाय काढला म्हनलं का चिखल. गाय काढली म्हनलं का जनावर." हे ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं. "आमच्या इथं लेकरालेबी कयते."

थो म्हणजे तो, थे म्हणजे ती, आणि कयते म्हणजे कळतं. साहेबांनी मान हलवली. मी ते लिहून घेतलं. शेवटच्या ठिपक्यांसकट.

मग तिनं बाकीचंही सांगितलं. विहिरीत जनावर कधी पडलंच नव्हतं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं तेव्हा गावंडे चार माणसं घेऊन आत उतरले आणि त्यांनी गाळ उपसला. वास त्या गाळाचाच. खात्याच्या अधिकाऱ्यांनी तिला विचारलं की एवढ्यात तिला कुणी भेटलं का, काही समजावलं का. गावंडेंनी मान खाली घातली. ती म्हणाली, कोणी नाही.

"थो मानूस चांगला हाय असं मी म्हनत नाही," ती पुढे म्हणाली. "पावडर टाकली नाही त्यानं. गाय काढला तवा टाकाले पायजे होती. मी म्हनलं होतं त्याले. उद्या टाकतो म्हने. थे मी मांगच्या वेयीबी सांगतलं, तुमी लिहून घेतलं का नाही?"

लिहून घेतलं होतं. पहिल्या साक्षीच्या दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं, शुद्ध मराठीत. गाईच्या नादात त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. नंतर गावंडेंनी पावडर वेळेवर टाकली नसल्याचं लेखी कबूल केलं.

टाइप करायच्या आधी मी साहेबांना विचारलं की गाय लिहू की गाळ. ते म्हणाले, साक्षीदार बोलली तसं. खाली अर्थाची टीप द्या. मी तसं केलं. 'मानसं'ही ठेवलं आणि 'कयते'ही. या वेळी वाचून दाखवताना मी घाई केली नाही. गाय काढला, असं मी वाचलं तेव्हा देवकाबाई म्हणाली, "आता बरोबर हाय," आणि तिनं अंगठा दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसरा आरोप शाबित झाला नाही. पहिला झाला. गावंडेंच्या दोन वेतनवाढी थांबल्या आणि त्यांची बदली झाली. एकदा ते पेढे घेऊन आले होते, ते मी घेतले नाहीत. माझा परिविक्षा कालावधी सहा महिन्यांनी वाढवण्यात आला आणि सेवापुस्तकात ताकीद लागली. गावात व्हायची ती चर्चा झाली. घरमालकीण दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. नोकरी मी एकतीस वर्षं केली. त्यानंतर साक्षीतला एकही शब्द बदलला नाही, आणि सुट्टीत घरी गेल्यावर कुणाची बोलीही करून दाखवली नाही.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायची आहे.

अंगठा पुसायला मी देवकाबाईला चिंधी दिली. गावंडे आणि खात्याचे अधिकारी निघून गेले होते. आणखी काही सांगायचं आहे का, असं साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. बहुतेक सगळे नाही म्हणतात. ती म्हणाली, "सांगाचं काही नाही. माह्या नातवाचं नाव या कागदात हाय म्हनतात. थे दाखवा मले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोणता नातू, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. तिच्या दोन्ही साक्षींत ते कुठंही आलं नव्हतं, कारण तसा प्रश्न नव्हता. मी फाइल मागे मागे चाळत गेले. तळाशी आरोग्य खात्याचं परिशिष्ट होतं, साथीत आजारी पडलेल्यांची यादी, गावातल्या परिचारिकेनं हातानं लिहिलेली. शेवटी मृतांची दोन नावं होती. पहिलं एका म्हाताऱ्याचं. दुसऱ्यापुढे वय चार वर्षं असं लिहिलं होतं आणि आडनाव तायडे होतं.

मुलाचं नाव गोपाळ असणार. परिचारिकेनं आजीला विचारलं असेल आणि जसं ऐकू आलं तसं लिहिलं असेल. ळच्या जागी य होता.

मी फाइल साहेबांपुढे सरकवली आणि कुठं ते बोटानं दाखवलं. त्यांनी पाहिलं. ते वाचायला बराच वेळ लागला, ओळ तर एवढीशी होती. ते आता काय वाचतात याची मी वाट पाहत राहिले.

"गोपाय हरिभाऊ तायडे," साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

"हो," देवकाबाई म्हणाली. "थोच."

ती उठून टेबलापाशी आली आणि त्यातलं गोपाय कोणतं, असं तिनं विचारलं. मी दाखवलं. इथून सुरू होतं आणि इथं संपतं. तिनं शाईचा अंगठा पदरात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या तीन अक्षरांवर ठेवलं. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. एसटीची वेळ झाली हे सांगायला किसन आला, तोपर्यंत बोट तिथंच होतं.

ती यादी अहवालाला जोडायची म्हणून मी नंतर टाइप केली. नाव तसंच ठेवलं. साहेबांनी सगळी पानं नेहमीसारखी तपासली, दोन ठिकाणी वेलांट्या सुधारल्या आणि यादीच्या त्या पानावर तशीच सही केली.